साडेनऊला बंद झालेला रस्ता : मुंबईच्या नऊ स्पोर्ट्स कार आणि हरवलेली एकशे पाच मिनिटं

डिसेंबरातला शनिवार. मुंबईतल्या स्पोर्ट्स कार मालकांच्या एका क्लबच्या नऊ गाड्या आणि अठरा माणसं नाशिक जिल्ह्यातली एक रॅली बघायला निघाली. गाड्यांत तीन पोर्शे, दोन बीएमडब्ल्यू एम, एक झेड4, एक मस्टँग, एक एएमजी आणि एक ऑडी टीटी. सोबत सामानासाठी आणि शेवटच्या कच्च्या रस्त्यासाठी सात आसनी एसयूव्ही, पगारी चालकासह. रॅलीची स्टेज, म्हणजे रस्ता बंद करून गाड्या एकेक करून घड्याळावर धावतात तो पट्टा, घोटी–सिन्नर भागातल्या डोंगरात होती. पहिली स्पर्धक गाडी अकराला सुटणार होती, आणि प्रेक्षकांसाठी रस्ता साडेनऊला बंद होणार होता. ताफा पार्किंगला पोचला नऊ पन्नासला. सकाळची फेरी एकालाही दिसली नाही.

नियोजन गबाळं नव्हतं. व्हॉट्सअॅपवर वेळापत्रक होतं, नकाशा होता, पुढची आणि शेवटची गाडी ठरलेली होती. जाताना एकही गाडी इंजिन किंवा गिअरबॉक्समुळे थांबली नाही. तरीही एकशे पाच मिनिटं गेली. ती कुठे गेली हे मिनिटागणिक मांडल्याशिवाय पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही, म्हणून हा लेख.

ठरलेला हिशेब असा होता. मुलुंडहून 5:15, आमणेला समृद्धी महामार्गावर 6:00, भरवीर इंटरचेंजला बाहेर 7:05, नाश्ता उरकून 7:40, पुढे चौदा किलोमीटरवर पार्किंगला 8:05. तिथून सहा किलोमीटर एसयूव्हीच्या फेऱ्या. समृद्धीचा आमणे–इगतपुरी हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि कसारा घाटातल्या ट्रकांच्या रांगा टाळता येऊ लागल्या. त्यापुढचे इगतपुरी–भरवीर 25 धरले तर आमणे ते भरवीर 101 किलोमीटर सलग काँक्रीट. वेगमर्यादा सपाटीला 120, घाटात 100.

माजिवडा ते वडपे रुंदीकरणाच्या कामात दहा मिनिटं गेली. ती जाणारच होती, तिथे पहाटेही अवजड वाहनं असतात. वेळापत्रकात ती धरायला हवी होती, एवढंच.

टोलनाक्यावरची पस्तीस मिनिटं

खरा खोळंबा आमणेला झाला. नऊपैकी तीन गाड्यांचा फास्टॅग वाचला गेला नाही. सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये एकामागे एक लागल्या होत्या. दुसरीच गाडी अडकली आणि मागच्या सातही तिच्यामागे अडकल्या. हातातला स्कॅनर आला, गाडी मागे-पुढे झाली, मागचे ट्रक हॉर्न देऊ लागले. सव्वीस मिनिटं गेली. भरवीरला बाहेर पडताना त्याच तीन गाड्यांनी आणखी नऊ घेतली.

याची दोन कारणं होती आणि दोन्ही अशा गाड्यांत जास्त आढळतात. अनेक महागड्या गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. त्यातून रेडिओ लहरी नीट जात नाहीत. म्हणून कंपन्या आरशाच्या मागे, काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याजवळ, थर नसलेली एक खिडकी ठेवतात. टॅग तिथेच लावायचा. दोन गाड्यांत तो दिसायला नको म्हणून खाली कोपऱ्यात चिकटवला होता. ती जागा नेमकी कुठे हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. काचेकडे तिरकं बघितलं तर थराची जांभळट झाक संपून साधी काच सुरू होते तेही ओळखू येतं.

तिसऱ्या गाडीचा टॅग बंद पडला होता आणि मालकाला पत्ता नव्हता. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. त्यामुळे रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह आणि कोस्टल रोडवर फिरणाऱ्या गाडीचा टॅग महिनोन्‌महिने कुठेच वाचला जात नाही. बँकेची पडताळणी रखडली तरी समजत नाही. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमाने राष्ट्रीय महामार्गांवर टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल पडू लागला. उपाय साधा : ट्रिपच्या आठवडाभर आधी प्रत्येक गाडीने वांद्रे–वरळी सी लिंक किंवा अटल सेतूवरून एक फेरी मारायची आणि पैसे कापल्याचा मेसेज ग्रुपवर टाकायचा. ज्याचा मेसेज नाही त्याची गाडी ताफ्यात सर्वांत शेवटी. टोलनाक्यावर नऊ गाड्यांनी एका लेनमध्ये कधीही लागू नये. तिघा-तिघांनी वेगवेगळ्या लेन धरायच्या आणि नाका ओलांडून ठरलेल्या ठिकाणी जमायचं.

इथे एक आकडा सांगायलाच हवा, कारण त्या सकाळी ताफ्याच्या रेडिओवर तीनदा सूचना आली की पुढे वेळ भरून काढू. 101 किलोमीटर ताशी 100 ने गेलं तर 61 मिनिटं लागतात, 120 ने गेलं तर साडेपन्नास. कायद्यात बसून मिळणारी बचत दहा मिनिटांची. म्हणजे पस्तीस मिनिटं भरून काढायला वेगमर्यादा मोडूनही भागलं नसतं. नऊ स्पोर्ट्स कार एकत्र वेगात गेल्या की पोलिस त्याला शर्यतच समजू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या 189 कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत आणि दुसऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पुढच्या गाडीने शंभरच्या आत राहायचं धरून ठेवलं, हा त्या सकाळचा सर्वांत चांगला निर्णय.

खड्डा आदल्या रात्रीच सुरू झाला होता

भरवीरजवळ मिसळीला पन्नास मिनिटं लागली. ठरली होती पस्तीस. जागा शोधण्यात पाच गेली ती धरून वीस मिनिटांचं नुकसान. अठरा माणसं एकदम आली की कोणत्याही हॉटेलात हे होतंच. आदल्या दिवशी फोन करून अठरा प्लेट मिसळ-पाव सांगून ठेवली की वीस मिनिटांत काम होतं.

8:45 ला ताफा हलला. दहा मिनिटांत एका जर्मन कूपेचं डावं पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं. खड्डा फार मोठा नव्हता, वीतभर रुंद आणि चार बोटं खोल, पण कडा करवतीने कापल्यासारखी होती. पुढच्या तीन गाड्या त्यावरून गेल्या होत्या. याच गाडीच्या टायरला बाहेरच्या बाजूने लिंबाएवढा फुगा आला.

टायर होता 245/35 आर 20. रुंदी 245 मिलीमीटर आणि भिंतीची उंची तिच्या 35 टक्के, म्हणजे सुमारे 86 मिलीमीटर. रिम आणि खड्ड्याची कडा यांच्यात एवढीच उशी. ती उशी किती टणक, हे मुख्यतः हवेवर ठरतं.

त्या गाडीच्या दारातल्या स्टिकरवर पुढच्या चाकांना 33 पीएसआय लिहिलं आहे. हा थंड टायरचा आकडा असतो, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजलेला. मालकाने शुक्रवारी रात्री पेट्रोल भरायला गेल्यावर हवा तपासून घेतली. तेव्हा टायर अर्धा तास चालून गरम झालेला होता आणि मीटरवर 37 आलं. पंपावरच्या मुलाने स्टिकर बघितलं आणि प्रामाणिकपणे चार पीएसआय सोडून 33 केलं. टायर थंड झाल्यावर ते झालं 29. रात्रीत तापमान दहा अंशांनी उतरलं, दर दहा अंशांना सुमारे दीड पीएसआय जातो, म्हणून पहाटे उरली सुमारे 28. पाच पीएसआय कमी.

गाडीने हे सांगितलंही होतं. मुलुंडला निघताना डॅशबोर्डवर टायरची पिवळी खूण आली. कालच हवा भरली आहे म्हणून मालकाने मेनूत जाऊन रीसेट केलं. या गाडीत चाकांच्या आत सेन्सर नाहीत, चाकं किती वेगाने फिरतात त्यावरून ती हवा ओळखते. अशा पद्धतीत रीसेट म्हणजे "आत्ताची हवा बरोबर आहे, ती लक्षात ठेव" असं गाडीला सांगणं. त्यानंतर ती गप्प बसली, कारण तिच्या हिशेबाने 28 हेच योग्य झालं होतं.

म्हणून हवेचा नियम पक्का हवा. निघण्याच्या दिवशी, घरच्या पार्किंगमध्ये, गाडी सुरू करायच्या आधी, स्वतःच्या मीटरने मोजायची. कमी असेल तर बारा व्होल्टच्या पंपाने भरायची. गरम टायरची हवा कधीही सोडायची नाही. टायर गरम असताना चार-सहा पीएसआय वर जाणारच, स्टिकरचा आकडा ते धरूनच ठरवलेला असतो. काँक्रीटवर तासभर सलग धावताना कमी हवेचा टायर फुगण्या-दबण्याने जास्त तापतो आणि तिथूनच फुटण्याचे प्रकार होतात. इथे टायर समृद्धीवर टिकला हे त्या दोघांचं नशीबच.

फुगा आल्यावर

फुगा म्हणजे टायरच्या भिंतीतले धागे तुटले, हवा फक्त रबराने धरून ठेवली आहे. गाडी चालत असली तरी ती एक मीटरही पुढे न्यायची नसते. अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, सीलंटची बाटली आणि छोटा पंप असतो. सीलंट फक्त जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यातल्या खिळ्याच्या भोकाला चालतं, तेही साधारण सहा मिलीमीटरपर्यंत, आणि नंतर ताशी 80 च्या आत टायरवाल्यापर्यंत जायचं असतं. भिंतीच्या इजेवर त्याचा उपयोग शून्य. तरी दोघांनी बाटली काढलीच होती, तिसऱ्याने थांबवलं.

आणि मग सगळ्या नऊ गाड्या थांबल्या. चाळीस मिनिटं. दोनपदरी राज्य रस्ता, साईड पट्टीला मुरूम, आणि नऊ रंगीबेरंगी गाड्या हॅझर्ड लाइट लावून उभ्या. दहा मिनिटांत तीसेक माणसं जमली, समोरून येणाऱ्या एसटीला जागा उरली नाही. मदत मात्र दोघांनाच करता येण्यासारखी होती. मित्राला रस्त्यात सोडून जायचं कसं, ही भावना खरी आहे आणि क्लब त्याच भावनेवर उभे असतात. पण ताफ्यात कोणी थांबायचं हे निघण्याआधी ठरलेलं नसेल तर सगळेच थांबतात. इथे बिघडलेल्या गाडीसोबत शेवटच्या गाडीने थांबायचं, बाकी सात गाड्यांनी पुढे जायचं, आणि एसयूव्हीने नंतर येऊन चौघांना न्यायचं, एवढं लिहून ठेवलं असतं तर 8:55 चा थांबा तीन मिनिटांचा झाला असता.

फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, नाशिकहून यायला दोन तास लागले. बुकिंग करताना "फ्लॅटबेडच हवी, गाडी खाली आहे, लांब फळ्या आणा" असं स्पष्ट सांगावं लागतं. पुढची दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन आली तर ती परत पाठवायची, कारण चारही चाकांना ताकद देणाऱ्या किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स त्याने खराब होतो. फळ्या अशासाठी की फ्लॅटबेडच्या उताराची सुरुवात पुढच्या बंपरच्या ओठाला लागते. दोन फूट आधीपासून फळीने चढ सौम्य केला की बंपर वाचतो. ओढायचा हुक गाडीच्या टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं चौकोनी झाकण उघडून आत पिळायचा असतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. या गाडीतही होते, आणि सरळ पिळत बसण्यात पंधरा मिनिटं गेली.

नाशिकच्या टायरच्या दुकानात पुढचा अडथळा आला. चाकाच्या पाच बोल्टांपैकी एक लॉकचा होता आणि त्याची किल्ली, अंगठ्याएवढा खाचांचा सॉकेट, मुंबईत घरी कपाटात होती. तसाही त्या मापाचा टायर तिथे शिल्लक नव्हता. गाडी फ्लॅटबेडवरून मुंबईला गेली. लॉकची किल्ली टूलकिटच्या फोममध्येच ठेवायची, आणि चाक काढलं-बसवलं तर टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, कंपनीच्या आकड्याला आवळायचं. जर्मन गाड्यांना तो बहुधा 120 ते 160 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो.

खर्चाबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. साध्या सर्वसमावेशक विमा पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान मिळत नाही. गाडीचंही नुकसान त्याच वेळी झालं असेल तरच टायरचे निम्मे पैसे मिळतात. टायरचं वेगळं संरक्षण जोडलेलं असेल तर गोष्ट निराळी. आणि त्याच पॉलिसीत संघटित शर्यत, विश्वासार्हता चाचणी, वेगचाचणी यांसाठी गाडी वापरण्याला मनाई असते. रॅली बघायला जाणं त्यात येत नाही, पण क्लबने वाटेत घड्याळ लावून कुठलीही स्पर्धा ठेवली तर दाव्याच्या वेळी ती आडवी येऊ शकते.

सगळं सुरळीत झालं असतं तरी

हे प्रकरण तपासताना सर्वांत मोठी चूक टोलवर किंवा खड्ड्यात सापडली नाही. ती वेळापत्रकाच्या शेवटच्या ओळीत होती. सहा किलोमीटर कच्चा रस्ता, एसयूव्हीला एका बाजूने वीस मिनिटं, एका फेरीत सहा प्रवासी. अठरा माणसांना तीन फेऱ्या. पहिले सहा पोचणार वीस मिनिटांत, दुसरे साठ, तिसरे शंभर. ताफा ठरल्याप्रमाणे 8:05 ला पोचला असता तरी शेवटचे सहाजण 9:45 ला स्टेजवर असते, रस्ता बंद झाल्यावर पंधरा मिनिटांनी. कागदावर या सगळ्याला चाळीस मिनिटं धरली होती.

गाड्या स्वतःच आत न्यायचा पर्याय नव्हताच. गतिरोधकाचं प्रमाणित माप 3.7 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच असतं, त्यावरून बहुतेक गाड्या तिरक्या घातल्या की निघतात : एका वेळी एकच चाक वर चढवायचं, सोबत्याला खाली उतरवायचं, नाक उचलायची सोय असेल तर ती आधीच दाबायची. पण वाडीवस्तीवरचे गतिरोधक हातभरच लांब आणि उंची मात्र तीच दहा सेंटिमीटर, म्हणजे भिंतच. दोन गाड्यांनी पार्किंगच्या आधीच्या गतिरोधकावर पोट घासलं. एकीच्या अंडरट्रेचे, म्हणजे पोटाखालच्या प्लॅस्टिकच्या ताटाचे, पुढचे तीन स्क्रू उपटले. ही गोष्ट हलकी वाटते, पण सुटलेली पुढची कड वेगात हवा पकडते, प्लॅस्टिकचं ताट खाली वाकतं आणि रस्त्याला लागून फाटतं. तिथे तीन जाड केबल टाय ओवून ती घट्ट केली, आणि परतीचा प्रवास ऐंशीच्या आत झाला. पिशवीत 30 सेंटिमीटरचे डझनभर केबल टाय, टी25 आणि टी30 टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचे) पाने, कापडी टेप एवढं असलंच पाहिजे.

शेवटच्या सहा किलोमीटरसाठी घोटीहून दोन काळ्या-पिवळ्या जीप आदल्या दिवशी ठरवल्या असत्या तर एसयूव्ही धरून अठराही जण एकाच फेरीत गेले असते.

रस्ता इतका आधी का बंद होतो, हेही समजून घ्यायला हवं. पहिल्या स्पर्धकाच्या आधी 000, 00 आणि 0 क्रमांकाच्या आयोजकांच्या गाड्या स्टेजवरून जातात. पहिल्या दोन प्रेक्षक आणि मार्शल, म्हणजे रस्त्यावर नजर ठेवणारे आयोजकांचे लोक, जागेवर आहेत का ते बघतात. 0 तर जवळजवळ स्पर्धेच्या वेगानेच जाते. त्यानंतर एक-दोन मिनिटांच्या अंतराने स्पर्धक सुटतात, आणि शेवटची स्वीपर गाडी जाईपर्यंत रस्त्यावर पाय ठेवायचा नसतो. एक उशिरा आलेला गट आत घुसला तर स्टेज रद्द होऊ शकते. अडवणाऱ्या मार्शलशी तिथे दोघांनी हुज्जत घातली, ती घालायला नको होती. तो पोरगा पहाटेपासून उन्हा-धुळीत त्याच कामासाठी उभा असतो, आणि बिनपगारी असतो.

तरी दिवस वाया गेला नाही. रॅलीत बहुतेक स्टेज दोनदा धावतात. दुपारच्या फेरीसाठी रस्ता एक वाजता बंद होणार होता. ताफा आधी सर्व्हिस पार्कमध्ये गेला, तिथे ठरलेल्या मिनिटांत मेकॅनिक सस्पेन्शन बदलताना जवळून बघायला मिळाले. मग साडेबाराला सोळाजण जागेवर होते. चाकोऱ्या खोल झालेल्या, दगड वर आलेले, गाड्या वळणात जास्त घसरत होत्या. बघणाऱ्याला दुसरी फेरी जास्त देते, असं आमचं मत आहे. उभं राहायचं ते वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापेक्षा उंचावर, मागे सरकायला जागा ठेवून. बाहेरच्या बाजूला किंवा उताराखाली कधीच नाही, सुटलेली गाडी तिकडेच येते.

परतीच्या रविवारी संध्याकाळी वडप्याच्या पुढे तासभर रांग होती. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाड्यांना तिथे इजा होते : चढावर ब्रेक सोडून अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की क्लच घसरत राहतो आणि तापतो. दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्यायची, मग एकदम पुढे जायचं, आणि पुन्हा ब्रेक. एका गाडीला गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, ती दहा मिनिटं बाजूला उभी राहिली आणि निवळली.

टायर सोमवारी मुंबईत रिमवरून उतरवला. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर भिंतीवर आडवी चीर लागत होती, रिम आणि खड्ड्याच्या कडेत चेपल्याची. आणि तळाशी चिमूटभर काळी भुकटी होती. ती खड्ड्याची नव्हे. कमी हवेत तासभर धावताना भिंत आतून घासली जाते, तिची ती भुकटी. बाहेरच्या बाजूला शेवटचे चार आकडे होते 1819, म्हणजे 2019 सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा जवळजवळ नव्यासारख्या खोल. साडेसहा वर्षांत गाडी नऊ हजार किलोमीटर चालली होती, म्हणून टायर जुना झाला असेल हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. उरलेल्या तिन्ही टायरांवरही तोच आकडा होता. चारही बदलले.